पुढच्या दोन रांगा

आमच्या बाजारपेठेत तिला कानवाली म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे. मग एक दिवस तीच फोनवर "कानवाली बोलतेय" म्हणू लागली, आणि चेष्टा करणाऱ्यांची पंचाईत झाली.

तिचं दुकान दहा बाय बाराचं. एका बाजूला चष्मेवाला, दुसऱ्या बाजूला चपलांचं दुकान. पुढे टेबल, दोन खुर्च्या आणि श्रवणयंत्रं ठेवलेलं काचेचं कपाट. मागे तपासणीची खोली, म्हणजे खरं तर माणूस बसेल एवढी लाकडी पेटी. तिच्या आतल्या भिंतींवर तिने स्वतः जुन्या सतरंज्यांचे आणि फोमचे तुकडे ठोकले आहेत. आत बसून दार लावलं की बाहेरचा बाजार नाहीसा होतो आणि आपण आवंढा गिळल्याचा आवाज आपल्यालाच ऐकू येतो.

त्याआधी दहा वर्षं ती एका मोठ्या रुग्णालयात कान तपासत होती. तिथे एका माणसामागे सात मिनिटं मिळत. "सात मिनिटांत कान कळतो काका, पण त्या माणसाला नेमकं काय ऐकायचंय ते कळत नाही," असं ती मला म्हणाली होती. कुणाला नातीचं बोलणं ऐकायचं असतं, कुणाला फक्त कुकरची शिट्टी. म्हणून नोकरी सोडून तिने दुकान काढलं. एका माणसाला एक तास, हा तिथला नियम. समोरचा आपल्याकडे बघेपर्यंत ती तोंड उघडत नाही. तिच्या घरातही कुणी दुसऱ्या खोलीतून हाक मारत नाही. उठून समोर जातात आणि मग बोलतात. नवरा मालट्रक चालवतो, आठवड्यातले तीन दिवस घरी असतो. तो म्हणतो, "आमच्याकडे भांडायचं तरी समोर येऊन भांडावं लागतं. निम्मी भांडणं चालत येण्याच्या आळसानेच मिटतात."

माल चांगला, काम चांगलं, आणि दुकान रिकामं. कारण उघड होतं. चष्मेवाल्याने ते एका वाक्यात सांगितलं. "ताई, माझ्याकडचं गिऱ्हाईक चष्मा लावून आरशात बघतं. तुमच्याकडचं यंत्र लावून दाराकडे बघतं, कुणी पाहिलं का म्हणून."

अशात यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. वर्षअखेरपर्यंत चाळीस यंत्रं विकली गेली पाहिजेत, नाहीतर एजन्सी पुलापलीकडच्या मोठ्या शोरूमला जाईल. तोवर अकरा गेली होती. एजन्सी गेली की दुकानाला अर्थ नव्हता. तिला पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली सात-सात मिनिटं मोजत बसावं लागलं असतं. पत्र घेऊन ती माझ्याकडे आली, कारण मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, एका वाहतूक कंपनीच्या कार्यालयात पस्तीस वर्षं काढलेला, आणि मुख्य म्हणजे आमच्या हौशी नाट्यमंडळाचा सचिव. मंडळाला दर हंगामात प्रायोजक लागतो. गेल्या हंगामात चपलांचं दुकान होतं.

"काका, या वर्षी मी होऊ का प्रायोजक?" ती म्हणाली. "पण नुसती पाटी नको. मला काहीतरी उपयोगाचं करायचंय."

तिची कल्पना नामी होती. रंगमंचावर माइक, आणि पुढच्या दोन रांगांतल्या चोवीस खुर्च्यांवर कानाला लावायचे चोवीस संच. ज्याला नीट ऐकू येत नाही त्याने तिथे बसायचं, संच लावायचा, आवाज हवा तेवढा वाढवायचा. नटाचा श्वाससुद्धा ऐकू येईल. तिकीट नेहमीचंच. मी त्यावर माझी अक्कल चालवली. आम्ही शिकलो ते असं, की प्रायोजकाचं नाव दिसलं पाहिजे, मोठं दिसलं पाहिजे आणि वस्तूला चिकटलेलं दिसलं पाहिजे. मी चोवीस खुर्च्यांना पांढरी आवरणं शिवून घेतली. प्रत्येक आवरणाच्या पाठीवर, पुढून आणि मागून, निळा कान आणि खाली दुकानाचं नाव. वर भिंतभर फलक: 'ऐकू येत नाही? पुढच्या दोन रांगा खास तुमच्यासाठी.'

आता तो फलक आठवला की मला घाम फुटतो.

पहिला प्रयोग रविवारी दुपारी चार वाजता. सभागृह भरलं, चौथ्या रांगेपासून मागे. तिसऱ्या रांगेतही लोक बिचकत होते. न जाणो, कान तिथपर्यंत पोचायचा. ज्या पहिल्या रांगेसाठी दरवर्षी रुमाल टाकून जागा धरल्या जात, ती पांढरी स्वच्छ, ओकीबोकी. आमचे हेडसर, म्हणजे शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, वीस वर्षं पहिल्या रांगेच्या मधोमध बसत आणि नाटकभर कानामागे तळहात धरत. त्या दिवशी ते नवव्या रांगेत, डाव्या कोपऱ्यात.

"सर, तुमची जागा पुढे आहे," मी म्हणालो.

"पुढे मान अवघडते हल्ली," हेडसर म्हणाले. "आणि मला काय झालंय? मला टाचणी पडलेली ऐकू येते."

हे त्यांनी एवढ्या मोठ्याने सांगितलं की रंगमंचामागे मेकअप करणाऱ्यांनाही कळलं.

पहिला अंक संपल्यावर आमचा हिरो माझ्यावर धावून आला. तो टपाल खात्यात कारकून आहे, वय पन्नास, आणि अजूनही प्रेमिकाचीच भूमिका करतो. "सेक्रेटरी, मी काय पाप केलंय? समोर बघतो तर चोवीस कान आणि एक माणूस नाही! नायिकेला 'ऐकतेस ना?' म्हणायचं होतं, ते मी खुर्च्यांना म्हटलं!"

कानवाली कडेला उभी राहून सगळं बघत होती. तिच्या सासूबाई चौथ्या रांगेत बसल्या होत्या. सासूबाईंना गेली सहा वर्षं कमी ऐकू येतं, आणि घरात त्याचं नाव काढायची कुणाची छाती नाही. त्यांनी त्यावर तोड शोधली आहे: स्वतःच बोलत राहायचं. बोलणाऱ्याला ऐकावं लागत नाही.

"आई, तुम्ही तरी बसायचं ना पुढे," दुसऱ्या दिवशी ती म्हणाली. मी तिथेच होतो, चहा घेत.

"मी? मी कशाला बसू? उद्या लोक म्हणतील, सून यंत्रं विकते आणि सासू ठार बहिरी. तुझ्याच धंद्याला बट्टा. आणि काय गं तो कान काढलाय! गाढवाचा दिसतोय. माणसाचा कान एवढा मोठा असतो होय? सेक्रेटरी, तुम्ही काढलात वाटतं? तुमचा हात असलाच. चहात साखर आहे ना? असणारच."

कुणाला एक शब्द बोलायची फट नव्हती. सून हसली, पण मला वाटतं तिने त्याच वेळी काहीतरी मनाशी नोंदवलं.

दुसऱ्या प्रयोगाला मी आणखी एक उपाय केला. पुढे बसणाऱ्यांना मध्यंतरात सरबत फुकट. दोन शाळकरी पोरी येऊन बसल्या, सरबत प्यायल्या आणि संच लावून एकमेकींना टेलिफोन करत राहिल्या. प्रयोगानंतर कानवालीने मला थांबवलं. मी तिच्याकडे बघेपर्यंत गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, आवरणं काढून टाकू. फलकही."

"आणि नाव?"

"नावही."

"अहो, नाव नसेल तर प्रायोजकत्व कसलं? त्याला दान म्हणतात. दान करायला तुमच्याकडे वेळ आहे का? वर्ष संपत आलंय."

"आज हेडसर शेजारणीला किती वेळा 'काय म्हणाला' विचारत होते, मोजलंत? मी मोजलं. एकवीस वेळा. एवढी गरज असलेला माणूस नवव्या रांगेत जाऊन बसतो, कारण मी पुढे बोर्ड लावलाय की इथे बसेल तो बहिरा. मी गिऱ्हाइकाला बोलवत नाहीये काका, त्याची वरात काढतेय."

मला पटलं नव्हतं. पण पैसा तिचा, धोका तिचा. आवरणं धुऊन, घडी घालून मी मंडळाच्या कपाटात ठेवली.

तिसऱ्या प्रयोगाला चोवीस संच सभागृहभर विखुरलेले होते. कुठे रांगेच्या टोकाला, कुठे मधोमध, नवव्या रांगेच्या डाव्या कोपऱ्यात दोन. पडद्यासमोर येऊन हिरोने फक्त एवढंच सांगितलं, की काही खुर्च्यांवर संच आहेत, ज्याला नटांची कुजबुजही ऐकायची असेल त्याने लावावा. कानवाली दाराशी उभी होती. घुटमळणाऱ्याला ती हलक्या आवाजात सांगत होती, "दिवे गेल्यावर लावा. पडदा पडला की काढा. अंधारात कुणाला दिसत नाही."

प्रत्येक संचावर एक बारीक हिरवा दिवा आहे. संच चालू केला की लागतो. पहिला अंक सुरू झाला तेव्हा मी तिच्याबरोबर विंगेत उभा होतो. सभागृह काळंभोर होतं. पाच मिनिटं काहीच नाही. मग उजवीकडे, मागे, एक हिरवा ठिपका लागला. थोड्या वेळाने दुसरा. मग दोन एकदम, बहुतेक नवरा-बायको. नवव्या रांगेतला ठिपका लागायला बराच वेळ गेला. लागला, विझला, पुन्हा लागला आणि मग राहिला. मध्यंतर होईपर्यंत सतरा झाले. पडदा पडू लागला तसे सगळे पटापट विझले, आणि दिवे आले तेव्हा लोक मख्ख चेहऱ्याने बसले होते, जणू त्या गावचेच नव्हेत. सासूबाईंच्या खुर्चीवर ठिपका होता की नाही हे मी विचारलं नाही, आणि तिने सांगितलं नाही.

संच परत घ्यायला ती दाराशी टोपली घेऊन उभी राहायची. मी म्हणालो, "निदान दुकानाचं कार्ड तरी द्या हातात."

"कार्ड दिलं की पुढच्या वेळी हात मागे जाईल."

त्याऐवजी ती प्रत्येकाला नाटकाबद्दल एखादं विचारायची. हेडसरांना तिने विचारलं, "सर, दुसऱ्या अंकात ती निघून जाताना काय म्हणाली हो? माझं लक्ष नव्हतं."

हेडसरांनी ते वाक्य तिला शब्दन् शब्द म्हणून दाखवलं. मग टोपलीत संच ठेवला आणि म्हणाले, "डबा बरा आहे तुमचा."

त्यानंतर तिने दुकान सकाळी सात वाजता उघडायला सुरुवात केली. त्या वेळी बाजारात झाडूवाल्याशिवाय कुणी नसतं. चष्मेवाला म्हणाला, "ताई, इतक्या सकाळी कोण येणार? चोर?" तसेच यायचे, इकडे तिकडे बघत. पण यायचे. आठवड्याला एक, कधी दोन. चौथ्या प्रयोगानंतर एका सकाळी हेडसर आले आणि यंत्र घेऊन गेले. घरी लावत, बाहेर पडताना खिशात ठेवत. पाचव्या प्रयोगापर्यंत आकडा सव्वीसवर गेला. चांगला होता, पण चाळीस नव्हता, आणि महिना एकच उरला होता.

तेव्हा कंपनीचा विभागीय अधिकारी येऊन गेला. सभ्य मुलगा. म्हणाला, "मॅडम, एक वाट आहे. स्थानिक जाहिरात केली असेल तर एक वर्षाची मुदतवाढ मिळते. फोटो लागेल. लोक कानाला संच लावून बसलेत आणि आपलं नाव दिसतंय, असा एक. बस्स."

मला हत्तीचं बळ आलं. शेवटच्या प्रयोगाला मी फोटोग्राफर ठरवला. बेत सरळ होता. दिवे गेल्यावर सभागृहाच्या मागच्या भिंतीवर गुपचूप फलक चढवायचा, नुसतं दुकानाचं नाव असलेला. मध्यंतराचा पडदा हलायच्या आधीच सभागृहातले दिवे लावायचे आणि विंगेतून एक फोटो घ्यायचा. लोक हिरवे दिवे विझवायच्या आत काम फत्ते. तिला मी सगळं सांगितलं.

"बघू," ती म्हणाली.

'बघू' म्हणजे होकार, असं मी धरून चाललो. माझी चूक तिथे झाली.

त्या दुपारी फलक चढला, फोटोग्राफर गुडघ्यावर बसला. कधी नव्हे ते बावीस ठिपके लागले होते. अंक संपत आला. मी दिव्यांच्या बोर्डाकडे हात केला. दिवे आले नाहीत. पडदा पडला, टाळ्या झाल्या, तरी अंधारच. लोक चुळबुळू लागले. पडद्याआडून हिरो दबक्या आवाजात ओरडला, "अरे दिवे लावा, मी टेबलाला अडखळलो!"

मी बोर्डाकडे धावलो. दिवेवाल्याच्या मनगटावर कानवालीचा हात होता. तिची नजर सभागृहात होती. एकेक हिरवा ठिपका विझत होता. शेवटचा नवव्या रांगेत, डाव्या कोपऱ्यात राहिला होता. सरांना बटण सापडत नसावं. तो विझला. मग तिने हात काढला. "लावा आता."

फोटो निघाला. त्यात मागे दुकानाचं नाव स्पष्ट आहे आणि पुढे दीडशे माणसं जांभया देत, कान खाजवत बसली आहेत.

मी तिच्यावर चिडलो. "अर्ध्या मिनिटाचा प्रश्न होता!"

ती माझ्याकडे वळली. "हो. तेवढ्यात त्यांनी संच काढले."

"एजन्सी जाईल, कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय. मी रात्रभर तेच धरून बसले होते काका. पण दाराशी उभी राहून मीच सांगितलं ना त्यांना, अंधारात दिसत नाही म्हणून? मग मीच दिवा लावायचा?" "तुमची मेहनत वाया गेली. माफ करा."

वाणिज्य शाखेत याचं उत्तर शिकवलेलं नाही.

वर्ष संपलं तेव्हा आकडा बत्तीस होता. एजन्सी गेली. कंपनीची माणसं येऊन बोर्ड उतरवून, कपाटातली यंत्रं खोक्यांत भरून घेऊन गेली. ज्यांनी यंत्रं घेतली होती त्यांना शोरूममधून निरोप गेले, की यापुढे यंत्रांचे सेल आणि दुरुस्ती आमच्याकडे. ती रिकाम्या कपाटासमोर बसून असायची. रुग्णालयात अर्ज करावा का, असं तिने मला विचारलं. मी एका लहान कंपनीचा पत्ता काढून दिला आणि एजन्सीचा कोरा अर्ज आणून दिला. तो टेबलावर तसाच पडून होता.

आणि मग एका सोमवारी, भर अकरा वाजता, बाजार गजबजलेला असताना, हेडसर पायरीवर येऊन उभे राहिले.

"बोर्ड कुठाय?" ते गरजले.

"सर, आत या. हळू बोला," ती धावत पुढे आली.

"का हळू? माझ्या यंत्राचे सेल संपलेत! शोरूमला गेलो होतो मी. तिथे माइकवरून नाव पुकारतात! चाळीस माणसांत! आणि वर ती पोरगी मला 'आजोबा' म्हणते! शाळेत माझ्यासमोर उभं राहायला हिचे आईबाप थरथरायचे!"

चपलांच्या दुकानातली गिऱ्हाइकं एका पायात चप्पल घालून बाहेर आली. दुकानदार तोंडाचा आ करून ओरडला, "सर, तुम्ही यंत्र लावता?"

"लावतो! दोन महिने झाले! तुझे डोळे काय फुटले होते?"

"तुम्ही खिशात ठेवत होता, तर दिसणार कसं?"

सरांनी आजूबाजूला पाहिलं. आपण कुठे उभे आहोत आणि काय ओरडतो आहोत हे तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं. मला वाटलं, आता मागे फिरतील. पण माणूस मुख्याध्यापक होता. त्यांनी खिशातून यंत्र काढलं, सगळ्यांसमोर शांतपणे कानात बसवलं, सेल नसलेलं यंत्र, आणि आत येऊन खुर्चीत बसले.

तिने खणातून सेल काढून यंत्रात घातले. टेबलावरचा कोरा अर्ज सरांनी उचलला, चष्मा वर करून वाचला. "हा भरला का नाही?"

"त्यात एक रकाना आहे, सर. स्थानिक जाहिरात काय केली आणि पुरावा काय. तिथे लिहायला माझ्याकडे काही नाही."

"माझं नाव लिही."

तिने पेन उचललं नाही.

"अगं लिही. निवृत्त मुख्याध्यापक म्हण. आणि पुरावा हवा तर यंत्र लावलेला माझा फोटो काढ. सेक्रेटरी, तुमच्या फोनवर काढा. डाव्या बाजूने काढा, डावीकडून मी बरा दिसतो."

मी काढला. ते खुर्चीत ताठ बसले होते, शाळेच्या वार्षिक फोटोला बसत तसे.

लहान कंपनीने होकार दिला. तिच्याकडे आता दोनच प्रकारची यंत्रं असतात. एखाद्याला त्यांचा उपयोग नसेल तर ती सरळ सांगते की शोरूमला जा, आणि आणल्यावर मी नीट बसवून देईन. लोक येतात. काही सकाळी सातला, काही अकराला. दुकान कसंबसं चालतं, पण चालतं.

हेडसर दर महिन्याला सेल न्यायला येतात आणि भिंतींकडे बघतात. मागच्या महिन्यात त्यांनी विचारलंच, "माझा फोटो लावला नाहीस तो इथे?"

"तो तुम्ही कंपनीला दिला होता सर," ती म्हणाली. "बाजाराला नाही."

"मग आता देतो."

"सावकाश. आधी घरी विचारा."

सरांनी घरी विचारलं आहे म्हणे. उत्तर अजून कळलेलं नाही.